बोटांतली किल्ली

मागे एकदा व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, तू तर रिटायर झालीस ना? मग तुझ्या टेबलावर एवढे पेन ड्राइव्ह कशाला?" रेवा मागून ओरडली, "शी इज अ स्पाय!" तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला बोलावलं आणि माझं उत्तर राहून गेलं. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाला यंदा 'माझं काम' या विषयावर लेख हवा होता. तो देतेय, पण लिहितेय तुम्हा दोघांसाठी. आई वाचून दाखवेल तेव्हा मध्ये उठून जाऊ नका.

मी हेर नाही. मी टायपिस्ट. पूर्वी फोर्टमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात स्टेनो होते, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. साहेब बोलायचे, मी लघुलिपीत उतरवून घ्यायची आणि मग टाइप करायची. निवृत्त झाल्यावर भाईंदर पूर्वेला घरीच काम सुरू केलं. लोक प्रतिज्ञापत्र, मृत्युपत्राचा मसुदा, कोणाविरुद्धची तक्रार असं काही घेऊन येतात. बोलता येतं पण कागदावर मांडता येत नाही, अशी माणसं या भागात पुष्कळ. ती बोलतात, मी टाइप करते, वाचून दाखवते, त्यांना पटलं की पेन ड्राइव्हवर देते. कोणाचं काय टाइप केलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. म्हणून या लेखातली नावं बदललेली आहेत, आणि जिची गोष्ट आहे तिला विचारूनच लिहितेय.

हा नियम मी फोर्टमध्ये शिकले. तेव्हा चार प्रती हव्या असल्या की कागदांच्या मध्ये कार्बन घालायचे. नवा कार्बन एकदाच वापरला आणि उजेडासमोर धरला, तर वरचं सगळं पत्र त्यात वाचता येतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. आमच्याकडे गोपनीय कागद टाइप झाला की कार्बन साहेबांच्या टेबलावर ठेवायचा आणि ते स्वतः तो फाडायचे. एकदा मी म्हटलं, "सर, मी फाडते ना." ते म्हणाले, "बाई, तुमच्यावर विश्वास आहे, पण फाडताना मला बरं वाटतं." पेन ड्राइव्ह आल्यावर मला तो कार्बनच आठवला. लोक माझ्याकडून मसुदा घेतात आणि प्रिंट काढायला स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जातात. दुकानदार फाइल आधी स्वतःच्या डेस्कटॉपवर उतरवतो, मग छापतो. पुसत कोणीच नाही. त्या डेस्कटॉपवर अर्ध्या भाईंदरची आधार कार्डं, पगाराच्या स्लिपा आणि घटस्फोटाचे अर्ज शेजारीशेजारी पडलेले असतात. मी ते स्वतः पाहिलं आणि मग मला स्वस्थ बसवेना.

म्हणून मी पेन ड्राइव्हला कुलूप लावणारी सॉफ्टवेअर शोधू लागले. चाचणीसाठी खऱ्या गिऱ्हाइकाचा कागद वापरणं शक्यच नव्हतं. सांडग्यांची कृती टाइप केली आणि तिलाच गोपनीय ठरवलं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. पासवर्ड मागायचं, पेन ड्राइव्ह रिकामा दाखवायचं. मी खूश. झेरॉक्सवाल्या गुप्ताजींकडे नेऊन म्हटलं, "देखिए, कुछ दिखता है?" त्यांनी दोनदा क्लिक केलं, कुठली तरी एक खूण काढली आणि म्हणाले, "मॅडम, ये तो कोई पापड-वापड का रेसिपी है. डाल पहले भिगोनी है क्या?" म्हणजे फाइल नुसती लपवलेली होती. पडद्यामागे उभ्या केलेल्या माणसाचे पाय दिसावेत तसं.

मग मला एन्क्रिप्शन म्हणजे काय ते नीट वाचावं लागलं. त्यात फाइल लपवत नाहीत. ती समोरच असते, पण तिचा पार भुगा केलेला असतो. योग्य पासवर्ड दिला तरच त्या भुग्याचा पुन्हा जसाच्या तसा कागद होतो. पासवर्ड विसरलात तर मात्र बनवणाऱ्या कंपनीकडेही दुसरी किल्ली नसते. हे वाचून मला एकाच वेळी समाधान वाटलं आणि धास्तीही.

दुसऱ्या सॉफ्टवेअरने अख्ख्या पेन ड्राइव्हचा भुगा केला. तोही गुप्ताजींकडे ठेवून मी भाजी घ्यायला गेले. परत आले तर गुप्ताजी हसतमुख. "मॅडम, आपका पेन ड्राइव्ह करप्ट था. कम्प्यूटर खुद बोल रहा था, फॉर्मॅट करो. मैंने फॉर्मॅट मार दिया. एकदम नया कर दिया! पैसा मत दीजिए." संगणकाला भुगा ओळखता येत नाही, त्याला वाटतं ड्राइव्ह बिघडला, आणि तो पुसायची परवानगी मागतो. गुप्ताजींनी मदत म्हणून ती दिली. सांडगे गेले. त्यांच्या जागी कोणाची तक्रार असती तर? त्या दिवशी भाजी निवडताना मी मेथीची पानं टाकून देठं ठेवली होती.

शेवटी तिसरं निवडलं. त्यात पेन ड्राइव्ह साध्या पेन ड्राइव्हसारखाच दिसतो, आत फक्त एक मोठी फाइल असते आणि ती फाइल म्हणजे पेटी. पासवर्ड दिला की पेटी उघडते, काम झालं की बंद करायची. तिची मी सर्व बाजूंनी परीक्षा घेतली. चुकीचा पासवर्ड दिला, दुसऱ्या संगणकावर उघडली, उघडी असतानाच ड्राइव्ह उपटून काढला. उपटल्यावर आतली फाइल खराब झाली, तेव्हा नियम केला: आधी पेटी बंद, मग ड्राइव्ह बाहेर. आणि दुसरा नियम, पेटी उघडायची ती फक्त माझ्या संगणकावर, छापायचं ते माझ्याच प्रिंटरवर.

पासवर्ड काय ठेवावा याचाही मी विचार केला होता. वाढदिवस, नातवंडांची नावं हे कोणीही ओळखतं. मी मराठी टायपिंग शिकले तेव्हा क्लासमध्ये हातांवर कापड टाकून सराव करायला लावायचे, म्हणजे कळा दिसू नयेत. तिथली धड्यातली एक ओळ मी इतक्या वेळा मारली की ती डोक्यात नाही, बोटांतच राहिली. आता संगणकाच्या की-बोर्डवर इंग्रजी अक्षरं असतात. तिथे मी जुन्या मराठी टाइपरायटरच्या सवयीने ती ओळ मारली की संगणकाला दिसते इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. जगात कोणाला ती सुचणार नाही. मलासुद्धा ती खिचडी कधी दिसली नाही, कारण पासवर्डच्या चौकटीत नुसते काळे ठिपके येतात. मला या युक्तीचा फार अभिमान वाटत होता.

मग वैशाली आली.

वैशाली इथे जवळच गोडदेवला राहते. मूळची लातूरकडची, लग्न होऊन इकडे आलेली. एका कारखान्यात पॅकिंग विभागाची सुपरवायझर. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "काकू, टाइप करायचंय. पण आधी दार लावा."

तिचा मॅनेजर बायकांशी कसा वागत होता ते तिने सांगितलं. मी सगळं टाइप केलं, इथे लिहीत नाही. तिच्या हाताखालच्या दोन बायकांनाही तोच त्रास होता. त्या कंत्राटी, म्हणजे उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं. तरी दोघी येऊन त्यांनी आपापलं निवेदन सांगितलं. कंपनीच्या ठाण्याच्या मुख्य ऑफिसात तक्रार समितीपुढे ते द्यायचं होतं. समितीच्या हातात पडेपर्यंत त्या दोघींची नावं कोणाला कळता कामा नयेत, ही वैशालीची एकच अट होती.

"माझा दीर तिथंच स्टोअरला आहे," ती म्हणाली. "मॅनेजरच्या पुढे-मागे करतो. घरी माझी पर्स बघतात, मोबाइल बघतात. कागद नेला तर रात्रीच्या आत पोचेल तिकडं."

म्हणून आम्ही ठरवलं की सुनावणीच्या दिवसापर्यंत काहीच छापायचं नाही. सगळं पेटीत. ड्राइव्ह तिच्याजवळ, कारण तिला तो स्वतःच्या हातात हवा होता; तो हरवलाच तर म्हणून पेटीची एक प्रत माझ्या संगणकावर. सुनावणीच्या सकाळी त्या तिघी माझ्याकडे येतील, मी छापेन, सह्या होतील आणि वैशाली तडक ठाण्याला जाईल.

"पासवर्ड सांगते तुला," मी म्हटलं.

"नको, काकू. मला सांगू नका."

"अगं, तुझंच आहे ते."

"मला माहीत असलं तर ते काढून घेतील माझ्याकडून. दीर हात पिरगाळेल नाहीतर पोराला पुढं करतील, आणि मी सांगून टाकेन. मला माहीतच नसलं तर मी काय सांगणार? तुमच्याकडेच राहू द्या."

मी ते मान्य केलं. तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं.

सुनावणीच्या सकाळी आमच्या इमारतीवरची टाकी भरून वाहत होती. मी दूध आणायला जिना उतरत होते. पाणी दिसलं नाही. पुढचं आठवतं ते वॉचमनचं ओरडणं आणि नको त्या कोनात वळलेलं माझं उजवं मनगट. त्याने मला रिक्षात घातलं आणि हाडांच्या दवाखान्यात नेऊन बाकावर बसवलं. एक्स-रेची रांग मोठी. वेदना होत्या, पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. त्या तिघी आता माझ्या दाराशी आल्या असतील.

घराची एक किल्ली समोरच्या हंसाबेनकडे असते. त्यांना फोन लावला. पडल्याचं त्यांना वॉचमनकडून कळलंच होतं. "हंसाबेन, दरवाजा खोलो, वो तीन लडकियों को अंदर बिठाओ, और फोन स्पीकर पे रखो."

"पेला हाथ नु शुं थयुं ए तो कहो, बेन!"

"हाथ बाद में!"

संगणक सुरू झाला. ड्राइव्ह लागला. वैशालीचा आवाज आला, "काकू, पासवर्ड मागतंय."

आणि मला तो सांगता येईना.

तुम्हाला हे कदाचित खरं वाटणार नाही. ओळ मला पाठ होती, पण मराठीत. तिने ती मोबाइलवर टाइप करतात तशी इंग्रजी अक्षरांत मारली तर उपयोग शून्य. तिला हवी होती ती खिचडी, आणि ती माझ्या बोटांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. ती बोटं निळी पडून मांडीवर पडलेली. एका बाईची नोकरी, तिच्या भरवशावर बोललेल्या दोघींची नोकरी, हे सगळं माझ्या सुजलेल्या हातात अडकलं होतं, आणि ते मीच अडकवलं होतं.

मग सुचलं. याच बोटांना इंग्रजी टायपिंगही येतं. ओळीतलं एकेक अक्षर घ्यायचं, ते मराठीत मारायला कुठलं बोट कुठे जातं ते हवेत करून पाहायचं, आणि मग त्याच बोटाला विचारायचं, तू तिथे इंग्रजीत काय मारतोस? डावा हात मी बाकावर ठेवून हलवू लागले. उजव्या हाताची नुसती कल्पना. तरी प्रत्येक कल्पनेला कळ येत होती.

"लिहून घे. के. पुढे एस. मग स्वल्पविराम."

"स्वल्पविराम?"

"हो. मग जे. थांब... जे नाही, एच."

शेजारच्या बाकावर एक गृहस्थ गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते. ते माझ्याकडे टक लावून पाहत होते. ते वाकून म्हणाले, "आंटी, किसको बता रहे हो? ओटीपी है क्या?"

"नहीं, नहीं. मेरा काम है."

"सब यही बोलते हैं! मेरे साले का पूरा अकाउंट खाली हो गया." आणि सगळ्या रांगेला उद्देशून, "देखो भाई, बुजुर्ग औरत को फोन पे लूट रहे हैं!"

रांग जागी झाली. कोणी म्हणालं बँकेला कळवा, कोणी म्हणालं पोलिसांना. पलीकडून एक बाई तरातरा आली, "मावशी, फोन द्या इकडे," म्हणाली आणि दिला नसताना घेतलासुद्धा. "ए! कोण बोलतंय तू? लाज वाटत नाही म्हाताऱ्या बाईला फसवायला? नंबर आलाय माझ्याकडं तुझा!" आणि फोन कट.

माझ्या आयुष्यात मी दवाखान्यात आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. "अहो, तो माझाच पासवर्ड आहे, माझ्याच घरी, माझ्याच संगणकावर!"

"असंच वाटतं सुरुवातीला, मावशी," ती बाई मायेने म्हणाली आणि फोन पाठीमागे धरला. चांगली माणसं होती हो. गुप्ताजींसारखीच.

शेवटी फोन पुन्हा वाजला. त्या बाईने स्वतःच उचलला, स्पीकरवर टाकला, फसवणाऱ्याला धडा शिकवायचा म्हणून. पलीकडून हंसाबेन गरजल्या, "कोण छे तू? अमारी बेन ने फोन आप! उसका हाथ टूटा है और तू फोन चोरता है?" एवढी खणखणीत शिवराळ गुजराती कोणत्याही ठगाला येणार नाही, हे रांगेलाही पटलं. फोन मिळाला. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या गृहस्थांनी आता उलट सगळ्यांना गप्प केलं, "आंटी को बोलने दो!"

उरलेली अक्षरं दिली. वैशालीने मारलं. "नाही उघडत, काकू."

"पुन्हा मार."

"नाहीच. काकू, साडेअकराला बोलावलंय. या दोघींची शिफ्ट आहे." मागून दोघींपैकी एकीचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या ताई, नशिबात न्हाय आपल्या." वैशाली तिच्यावर ओरडली, "गप बस गं!" आणि मग मला एकदम हळू विचारलं, "काकू, यातली काही अक्षरं मोठी आहेत का? कॅपिटल?"

तो प्रश्न मला सुचायला हवा होता. टाइपरायटरवर काही अक्षरांना दुसऱ्या हाताच्या करंगळीने शिफ्टची कळ दाबावी लागते. मी डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून ओळ हवेत मारली आणि या वेळी करंगळ्यांकडे लक्ष दिलं. दोन ठिकाणी डावी करंगळी आपणहून खाली गेली.

"सातवं मोठं. आणि शेवटून दुसरं मोठं."

कळांचा आवाज आला. मग काहीच नाही. मग हंसाबेन, "खुली गयुं! बेन, खुली गयुं!"

रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. काय उघडलं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रिंटरचा घरघराट मी फोनवर ऐकला. सह्या झाल्या. पेटी बंद करून घेतली. माझा एक्स-रे झाला, प्लास्टरची तयारी सुरू झाली आणि वैशालीचा फोन आला, "काकू, वरसाव्याच्या नाक्यावर अडकलेय. रिक्षा हलत नाहीये." डॉक्टर हाड बसवत होते आणि मी कळवळण्याऐवजी "उतर, पुढे चाल, नाका ओलांडून दुसरी पकड," असं सांगत होते. डॉक्टरांनी नर्सला विचारलं, यांना गुंगीचं दिलंय का.

ती पोहोचली. समितीने कागद घेतले, पोच दिली. चौकशी सुरू आहे. मॅनेजरला सध्या दुसऱ्या युनिटला बसवलंय. त्या दोघी अजून कामावर आहेत. निर्णय आलेला नाही आणि तो कसा येईल ते मला सांगता येत नाही. फोन वाजला की मी अजून दचकते.

प्लास्टर निघाल्यावर वैशाली भेटायला आली. बोटं आखडली होती, चेंडू दाबायचा व्यायाम सुरू होता. मी तिला म्हटलं, "हे बघ, मी पुन्हा पडेन किंवा मरेन. तुझी पेटी माझ्या हातात ठेवणं बरं नव्हे. आता पासवर्ड बदलायचा, आणि तो तू ठेवायचा."

ती लगेच हो म्हणाली नाही. चेंडू हातात घेऊन फिरवत बसली. "त्या दिवशी घरी गेले ना," ती म्हणाली, "दिराला कळलं होतं ठाण्याला गेल्याचं. विचारलं त्यानं, काय दिलंस, कोणाची नावं दिलीस. पोरगा तिथंच होता."

"मग?"

"मला सगळं माहीत होतं की. कागद वाचलेला, नावं पाठ. सांगितलं नाही." तिने चेंडू खाली ठेवला. "मला वाटायचं मी सांगून टाकेन. नाही सांगितलं मी, काकू."

मी सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड बदलण्याची जागा उघडून दिली. जुना पासवर्ड डाव्या हाताने कसाबसा मारला. माझ्या संगणकावरची पेटीची जुनी प्रत तिच्यासमोर पुसली, नाहीतर ती जुन्या किल्लीनेच उघडली असती. मग खुर्ची तिला दिली.

ती थांबली. "काकू, तुम्ही जरा तिकडं बघता?"

इतकी वर्षं मी लोकांचे कागद वाचत आले. आजवर मला कोणी तिकडं बघा म्हटलं नव्हतं. मी उठले, गॅलरीत गेले, तारेवरचे कपडे उगीचच सारखे केले. आतून एकाच बोटाने, सावकाश मारलेल्या कळा ऐकू येत होत्या. मोजायचा मोह झाला. मी गॅलरीतला नळ सोडला.

"झालं," ती म्हणाली.